ओंडक्यावरची आळिंबी

आमच्या काकीचा हात जड होता, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. ती भाकरी थापायला बसली की परातीचा आवाज ओढ्यापलीकडच्या घरात जायचा. तिनं वाटलेल्या चटणीत लसणीची पाकळी शोधून सापडायची नाही, आणि तिनं घातलेली वेणी सोडवताना डोळ्यांत पाणी यायचं. धपाटेही मी आईपेक्षा तिचेच जास्त खाल्ले. पण झोपायचे ते तिच्याच शेजारी, कारण काका लढाईवर होते आणि काकीला एकटीला झोप यायची नाही. हे ती कबूल करायची नाही. "पोरगी अंधाराला भितीया," असं आईला सांगायची आणि माझी वाकळ स्वतःच्या वाकळेला लावून घ्यायची. जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक शिवून केलेली ती जाडजूड वाकळ थंडीत आईच्या मायेइतकी ऊब द्यायची. अंधाराला मी कधीच भ्यायले नाही, पण काकीसाठी तेवढा बोल मी लावून घेतला.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, कोयनेच्या काठी आमचं घर होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथं धरणाचं पाणी आहे. नातवंडांना घेऊन कोयनानगरला गेले की ती विचारतात, "आजी, तुझं घर नक्की कुठं होतं?" मी हात करते, पण तो उगीच, पाण्याला कुठं खुणा असतात! तरी त्यापायी मी उसासे टाकत बसत नाही. त्या घरातली नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं आणि आईच्या हातचा लाल भात माझ्या जिभेवर आहे, तो कुठलं धरण बुडवणार? पावसाळ्यात आमच्याकडं सूर्य दिसायचाच नाही. भिंतींना ओल, कपड्यांना वास, चुलीला धूर आणि सगळ्यांच्या नाकाला पाणी. आश्विन उजाडला की डोंगर एकदम धुतल्यासारखा समोर यायचा, सकाळची हवा गार व्हायची, आणि माणसं एकमेकांशी जरा बऱ्या आवाजात बोलायला लागायची.

घरात आण्णा, म्हणजे माझे वडील, आई, मी, आणि काका-काकी. काकीचं नाव गोदावरी, हाक मारायला गोदी. आण्णा तिचे थोरले दीर, त्यामुळं ती त्यांच्यासमोर कधी येत नसे. आण्णा सोप्यात बसलेले असले की ती माजघराच्या दाराआड, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. बोलायचं झालं तर आईमार्फत. "आक्का, त्यास्नी इचारा, बैलास्नी पेंड घालू का?" हे बोलणं आण्णांना चार हातांवर स्वच्छ ऐकू जायचं, पण आई विचारेपर्यंत ते आढ्याकडं बघत बसायचे, आणि उत्तर द्यायचे ते आईला. मग आई दाराकडं तोंड करून तेच पुन्हा सांगायची. लहानपणी मला वाटायचं की आण्णांना कमी ऐकू येतं. मोठेपणी कळलं की हा मान होता, आणि दोघंही तो अगदी काटेकोर पाळत होते. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एक वाक्य थेट झालेलं नव्हतं.

काका परत आले ते लढाई संपायच्या आधीच, आजारी म्हणून घरी पाठवलेले. जायच्या आधी दाराच्या चौकटीत उंचीमुळं वाकून शिरायचे. आले तेव्हाही वाकूनच शिरले, पण ते काठीमुळं. पाय सुजलेले, बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. बर्माच्या डोंगरात ते पलटणीपासून मागं राहिले होते. तापानं आणि उपाशीपोटी पडलेल्या माणसाला तिथल्या एका डोंगरी म्हातारीनं आपल्या झोपडीत नेलं आणि ती भाताबरोबर एका तपकिरी, सुकवलेल्या आळिंबीचा रस्सा पाजत राहिली. त्यावर आपण उठून बसलो, हे काका देवाची शपथ घ्यावी तसं सांगायचे. त्यांच्या पिशवीत घोंगडी होती, जेवणाचा मिलिटरी डबा होता, आणि फडक्याच्या एका गाठोड्यात वाळलेल्या आळिंबीचे तुकडे आणि लाकडाच्या ढलप्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मूठभर तुकडे गरम पाण्यात भिजवले आणि ते पाणी परसात तीन दगडांवर उकळत ठेवलं. वास घरभर झाला. पावसात भिजलेल्या पाचोळ्याचा आणि तुपात काहीतरी परतल्याचा असा मिसळलेला तो वास मला आवडला. काकी नाकाला पदर लावून म्हणाली, "आवं, मोजं शिजवताय व्हय?"

आमच्याकडं आळिंबी कुणाला नवीन नव्हती. पावसात वारुळावर फुटणारी पांढरी आळिंबी आम्ही हौसेनं खायचो, सुकटीसारखी कांद्यात परतून. पण लाकडावर उगवलेली छत्री म्हणजे विष, ही समजूत पक्की. ती तशी खोटीही नव्हती. पलीकडच्या वाडीतली दोन माणसं रानातल्या ओंडक्यावरची छत्री खाऊन आजारी पडली होती, त्यातलं एक गेलं. आजही मी सगळ्यांना सांगते, ओळख नसेल तर रानातल्या छत्रीला हात लावू नका. माझी नातसून सांगलीत विश्रामबागेत राहते. तिनं मध्यंतरी दुकानातून एक पाकीट आणलं, वर लिहिलेलं शिताके. मी फोडून वास घेतला आणि सगळं परसू डोळ्यांपुढं आलं. काकांच्या तोंडी हे नाव कधी नव्हतं. ते नुसतं "बर्माची आळिंबी" म्हणायचे. नातसून वाचून सांगते की हिच्यात प्रथिनं असतात, अंगाची रोगाशी झुंजायची ताकद वाढते म्हणतात, आणि उन्हात वाळवली तर हाडांना लागणारं जीवनसत्त्व तयार होतं. असेल. काकांची सूज उतरली ती आळिंबीनं, की आईच्या हातसडीच्या तांदळानं, की नुसतं घर मिळाल्यानं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण माणूस बरा झाला हे मी डोळ्यांनी पाहिलं.

गाठोडं संपत आलं तशी काकांना काळजी लागली. म्हातारीकडं ही आळिंबी ओंडक्यांवर लावलेली असायची, झोपडीच्या मागं, सावलीत, भिंतीला टेकवून. तिनंच निघताना त्या ओंडक्यांच्या ढलप्या फडक्यात बांधून दिल्या होत्या. वळवाच्या वाऱ्यात आमच्या फणसाची एक जाड फांदी मोडली, तेव्हा काका म्हणाले, "ही मला द्या." तिचे त्यांनी मांडीएवढे जाड ओंडके केले. साल मात्र सांभाळली, ती निघाली की सगळं संपलं म्हणायचे. सुताराचं गिरमिट आणून ओंडक्यांना भोकं पाडली, एकेका भोकात एकेक ढलपी ठोकली आणि वरून मधाच्या पोळ्याचं मेण लावून भोकं बुजवली. मग गोठ्याच्या मागं, जिथं दिवसभर ऊन शिरत नाही अशा जागी, ते ओंडके भिंतीला तिरके टेकवून ठेवले. त्यांना जमिनीची माती लागू नये म्हणून खाली दगड. आणि रोज सकाळ-संध्याकाळ घागरीतून बेताचं पाणी. "भिजवायचं न्हाई, ओलं ठेवायचं," हे ते आम्हा सगळ्यांना पुन:पुन्हा बजावायचे, जणू ओंडक्यांची पाळी कुणावरही येणार होती.

पाणी घालणारा नवरा आणि हात कमरेवर ठेवून बघणारी बायको, हा आमच्या घरचा रोजचा देखावा झाला. काकी त्या ओंडक्यांना सवती म्हणायची. "सवतींची अंगुळ झाली का? मग या जेवाय." शेजारची तानूआत्या ओढ्यापलीकडून विचारायची, "गोदे, आज कुटली रुसली गं?" काकी म्हणायची, "सगळ्याच रुसल्यात. माज्यासारकी एकबी बोलत न्हाई." हसणं व्हायचं. काकाही हसायचे, पण पाणी घालणं सोडायचे नाहीत. पहिला पावसाळा गेला आणि ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडांवर पांढरा बुरसा चढला. काका खूश झाले. मुळं आत शिरली म्हणाले. दुसरा पावसाळा आला. बाहेर रानात हजार प्रकारच्या छत्र्या फुटल्या. ओंडक्यांवर मात्र काही नाही. साल जशीच्या तशी, मठ्ठ.

आण्णा वाईट नव्हते, हे मला इथंच सांगून टाकलं पाहिजे. धाकट्या भावावर त्यांचा जीव होता. काकांचे पाय चालण्यापुरते बरे झाले होते, पण नांगरामागं उभं राहणं जमत नव्हतं. धडधाकट दिसणारा माणूस लाकडाला पाणी घालतो म्हणून गावात टवाळी व्हायला लागली होती आणि ती आण्णांच्या कानावर येत होती. एक दिवस सोप्यात दोघं बसले असताना आण्णा म्हणाले, "सांगलीत वळकीचं एक यापारी हाईत. जमिनीखालच्या हळदीच्या पेवांवर पहाऱ्याला माणूस पायजे त्येंना, मिलिटरीतला. बसून काम हाय. मी शबूद टाकलाय." काका म्हणाले, "दादा, ही आळिंबी आली तर मला ह्येच काम पुरं हाय. पाचगणीच्या शाळा हाईत, म्हाबळेश्वरचं बंगलं हाईत, तिकडं खाणारी माणसं हाईत. दसऱ्यापतोर थांबा. न्हाई आली तर म्या आपला जातो." आण्णा म्हणाले, "दसऱ्यापतोर. पर एकडाव जाऊन मालकास्नी भेटून ये."

दाराआड काकी उभी होती. मी तिच्या शेजारी तांदूळ निवडत होते. पहारेकऱ्याला पेठेत राहायला एक खोली मिळणार होती, चार जणांत मिळून. बायकोला न्यायचा प्रश्नच नव्हता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत काका पलटणीत गेले होते, आणि आता कुठं तिचा संसार सुरू झाला होता. पण हे बोलायचं कुणाशी? थोरल्या दिरांशी बोलायचं नव्हतं, आणि नवऱ्याशी बोलली तर दिरांचा शब्द मोडल्यासारखं. तिनं माझ्या पुढ्यातलं सूप ओढलं आणि निवडलेले तांदूळ पुन्हा पाखडायला घेतले.

काका सांगलीला गेले आणि इकडं घटाची धुणी आली. आमच्या भागात घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुवायचं असतं. सगळं म्हणजे सगळं. माळ्यावरची पोती, गोणपाटं, पाळण्याच्या झोळ्या आणि सगळ्या वाकळा. वर्षभरात वाकळ भिजते ती तेवढी एकदाच, आणि भिजली की दोन बायांना उचलत नाही. बैलगाडी भरून धुणं नदीवर न्यायचं, रिठ्याच्या पाण्यात भिजवायचं आणि लाकडी धोपाटण्यानं बडवून बडवून वर्षाचा मळ काढायचा. गावच्या सगळ्या बाया त्या दिवसांत नदीवरच असायच्या. सोबत भाकरी, ठेचा, कांदे. मला घटाच्या धुण्याएवढा दुसरा सण आवडत नसे, कारण त्या दिवशी बायांवर ओरडायला नदीवर घरचा एकही पुरुष नसायचा.

त्या साली पूर जबर आला होता आणि धुण्याचे सपाट दगड गाळात गेले होते. वाकळ बडवायला खाली काहीतरी टणक लागतं, नाहीतर धोपाटण्याबरोबर ती चिखलातच जाते. काकीनं कमरेवर हात ठेवून गाळाकडं बघितलं आणि गाडीवरच्या गड्याला परत घरी पिटाळलं. गाडी आली ती काकांचे सगळे ओंडके घेऊन. आई दचकली. "गोदे, भाऊजींच्या जिवाचं हाईत ते!" काकी म्हणाली, "अवो आक्का, रोज घागरीनं पाणी पाजत्यात त्यास्नी. आज नदीत बसू द्या, वाईट काय हुतंया? सांजच्याला जिथल्या तिथं ठेवते." तिचं म्हणणं कुणालाच चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही. पाण्यानं जे जगतं त्याला जास्त पाण्यानं काय होणार, असा सरळ हिशेब.

गुडघाभर पाण्यात ओंडके शेजारी शेजारी मांडले, वर वाकळा टाकल्या आणि काकीनं पदर खोचला. तानूआत्या ओरडली, "गोदे, सवती आयत्या घावल्यात! काढ उट्टं!" सगळ्या बाया हसल्या. काकीही हसली आणि तिनं धोपाटणं उचललं. पहिल्या दहा-बारा फटक्यांत चेष्टा होती. मग हळूहळू हसणं थांबलं आणि ती नुसती बडवत राहिली. धप, धप, धप. पाणी उडत होतं, समोरच्या डोंगरावरून आवाज परत येत होता, आणि तिच्या तोंडावर पाणी कुठलं आणि काय कुठलं ते कळत नव्हतं. आईनं तिच्या हातातलं धोपाटणं घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. आमच्या घरच्या वाकळा तेवढ्या स्वच्छ त्याआधी कधी निघाल्या नव्हत्या. संध्याकाळी ओल्या वाकळांनीच गाडी भरली, म्हणून ओंडके रात्रभर नदीतच दोरीनं बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी गड्यानं ते आणून गोठ्यामागं धडाधड टाकले. काकीनं ते पुन्हा भिंतीला टेकवले तेव्हा बघितलं, साल जागोजाग चेचली होती, कुठं कुठं फाटली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

काका घट बसायच्या आदल्या दिवशी आले. पायांवर पाणी घ्यायच्या आधी गोठ्यामागं गेले. ओंडक्यावरून हात फिरवला, फाटलेली साल बोटानं दाबून बघितली. "कुणी केलं ह्ये?" काकी दारातून म्हणाली, "म्यां. धुण्याचं दगड गाळात गेलं हुतं." काका म्हणाले, "बरं झालं. आता वाट बगाय नगं." आणि हातपाय धुवायला गेले. ते ओरडले असते तर काकीनंही चार शब्द सुनावले असते आणि दोघं मोकळे झाले असते. पण ते ओरडले नाहीत. जेवताना त्यांनी आण्णांना सांगितलं की मालक माणूस चांगला आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या म्हणालेत. आणि ट्रंक खाली काढली.

घट बसले. देवघरात मातीवर धान्य पेरलं, अखंड दिवा लागला, रोज एक माळ चढायला लागली. काकीला नवरात्राचा कडक उपवास असायचा, काकांनाही. वरीचा भात आणि रताळी, तेही एकवेळ. घर एरवी त्या दिवसांत गजबजायचं, त्या वर्षी सगळे बेतानं बोलत होते. एका सकाळी जात्यावर बसल्या बसल्या काकी मला म्हणाली, "इंदे, लढाईवर गेलं तवा सरकारनं न्हेलं हुतं. आता म्याच धाडलं बग." मी तेरा वर्षांची होते. मी जात्याच्या खुंट्याला हात लावला आणि दोघींनी मिळून दळण संपवलं.

माळा निम्म्या झाल्या असतील. माळेसाठी कारळ्याची पिवळी फुलं मी रोज गोठ्यामागच्या बांधावरून आणायची. त्या सकाळी गार होतं, गवतावर दव होतं. फुलांची परडी घेऊन येताना ओंडक्यांकडं नजर गेली तर सालीच्या फटींतून तपकिरी बोंडं वर आली होती. एक नाही, रांगेनं. सुपारीएवढी, काही बोरांएवढी, आणि ज्या ओंडक्याची साल सगळ्यात जास्त चेचली होती त्याच्यावर सगळ्यात दाट. मी काकांकडं नाही गेले, काकीकडं गेले. ती ओल्या हातांनी धावत आली, वाकली, आणि बराच वेळ हात न लावता बघत राहिली. मग घाबरल्यासारखी हळू म्हणाली, "ह्यीच असतील का गं? का आपली कुत्र्याची छत्री? जा, त्यास्नी बोलीव."

काका आले. एक बोंड त्यांनी देठासकट खुडलं, उलटून बघितलं, कडेला असलेल्या पांढऱ्या लवीवर बोट फिरवलं आणि नाकाला लावलं. मग ते खाली चिखलातच बसले आणि हसायला लागले. घरी आल्यापासून काका असे हसलेले मी पाहिले नव्हते. दोन्ही हात डोक्यावर आणि डोळ्यांतून पाणी. "अगं, ती म्हातारी!" ते काकीला म्हणाले. "ती वंडकी नदीत बुडवायची आन् मोगरीनं हाणायची. मला वाटायचं, वाळवी झाडतीया! म्या इचारलंबी न्हाई. दोन वरसं म्या त्येंना नुसतं गोंजारत बसलो." काकी म्हणाली, "मग? गोंजारून कोण ऐकतंय!" आणि मग तिचा आवाज फुटला आणि ती पदरात तोंड खुपसून रडली, मोकळेपणानं, आम्हा दोघांसमोर.

परवा नातसुनेनं भुशाची पिशवी आणून न्हाणीघरात ठेवली होती, घरी शिताके पिकवायला. अंधार, ओल, फवारा, सगळं व्यवस्थित. पण पिशवी आपली तपकिरी होऊन बसून राहिली. मी म्हटलं, "थंड पाण्यात बुडवून ठेव रात्रभर, आणि दे दोन धपाटे." ती हसली, पण तिनं केलं. आली आळिंबी. आता ती आपल्या मैत्रिणींना हे सांगते आणि वर सांगते की आमच्या आजेसासूबाईंना यातलं फार कळतं. मला कशातलंही फार कळत नाही, मी फक्त एका बाईला धुणं धुताना पाहिलं आहे.

पण आळिंबी आली म्हणून गोष्ट मिटली नव्हती. आण्णांनी ओंडक्यांपाशी उभं राहून काठीचं टोक एका छत्रीला लावून बघितलं. "बर्माची तुला पचली, पर ही हितल्या लाकडावरची हाय," ते म्हणाले. वाडीतलं मेलेलं माणूस त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. "उगवली, चांगलं झालं. पर घरच्या चुलीवर चडायची न्हाई. तू खा, पचवून दाव, मग बगू. घरातल्या कुणाला दिऊ नगं. आन् मालकाला दिलेला शबूद अजून तसाच हाय." नवरात्राचा उपवास सुटेपर्यंत काकांना खाता येत नव्हतं. तोवर छत्र्या तळहाताएवढ्या झाल्या. त्यातल्या बऱ्याच काकांनी खुडून सुपात पसरून उन्हात घातल्या, आणि थोड्या ताज्या राखल्या. दसऱ्याला सोनं लुटून झालं, पुरणपोळ्या झाल्या. ट्रंक दाराशी भरून ठेवलेली होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी परसात तीन दगडांवर डबा ठेवला. आळिंबीचे लांब काप, कांदा, थोडं तेल, आणि काकीनं न विचारता आणून ठेवलेली लसणीची चटणी. रश्श्याला तवंग आला तेव्हा तानूआत्याही ओढा ओलांडून आली. काका सोप्यात पाटावर बसले, समोर ताट, ताटात भाकरी आणि तो रस्सा. आण्णा भिंतीला टेकून बसले होते, आई खांबाशी, मी तिच्यामागं. सगळे बघत होते. काकांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. दुसरा घेतला. आण्णा त्यांच्या तोंडाकडं असे बघत होते, जणू त्यांचा स्वतःचाच घास अडकला आहे.

तेव्हा माजघराचं दार वाजलं आणि काकी बाहेर आली. उजेडात, थोरल्या दिरांच्या समोर. आई "गोदे" म्हणाली, पण ती थांबली नाही. नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्याच ताटात बायकोनं बसायचं, हा रिवाज होता. नवरा जेवत असताना नव्हे. ती सरळ काकांच्या समोर बसली, त्यांच्या ताटातली भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि खाल्ली. काका म्हणाले, "अगं, दादांनी नगं म्हटलंया." ती खात राहिली. तो घास गिळून झाल्यावर तिनं मान वर केली आणि आण्णांकडं बघितलं. तिचा आवाज स्वच्छ होता.

"भावजी, ह्यास्नी काय हुयाचं आसंल तर मलाबी हुंदे. पर ह्यास्नी सांगलीला धाडू नगासा. म्यां लय वरसं एकली ऱ्हायले. आता न्हाई ऱ्हायची."

परसात डब्याखालची लाकडं तडकली. आण्णा आढ्याकडं बघत होते, नेहमीसारखे, आई विचारायची वाट बघितल्यासारखे. ह्या वेळी मात्र ती मध्ये पडली नाही. आण्णांनी मान खाली घेतली, घसा खाकरला, आणि आमच्या घरात जे कधी झालं नव्हतं ते झालं. ते काकीकडं बघून बोलले.

"गोदावरी," ते म्हणाले, "मलाबी ताट घे."